बाटलीतले अकरा खडे

आमच्या घरात प्रत्येकाला एकेक कला येते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पेटी वाजवतो. माझी बायको नुसत्या वासावरून आमटीत मीठ कमी पडल्याचं सांगते. माझी कला दुसऱ्यांची दुखणी रंगवून सांगण्याची. कोणाचं प्लास्टर, कोणाची कवळी, कोणाची बायपास, सगळा माल माझ्याकडे भरलेला असतो. चार माणसं जमली, हातात बशा आल्या, की कोणीतरी म्हणतंच, "होऊन जाऊ दे." मग होऊन जातं.

यातला माझा हुकमी एक्का म्हणजे वहिनींच्या खड्यांची गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी वहिनींचं पित्ताशय काढलं. रक्ताचा थेंब दिसला की दादा आडवा होतो, त्यामुळे ऑपरेशन झाल्यावर सर्जननी मला आत बोलावलं आणि एक छोटी काचेची बाटली हातात ठेवली. आत खडे. पुरावा म्हणून देतात बहुतेक. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवर वहिनींना अर्धवट शुद्ध आली. त्यांनी भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरचा हात धरला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "पगार किती? आईवडील जवळच असतात का?" त्या दिवसांत त्यांच्या भाचीसाठी स्थळं बघणं चाललं होतं. डॉक्टर होता हरियाणाचा. त्याला वाटलं, बाईंना कळा येताहेत. तो म्हणाला, "हाँ माताजी, सब ठीक हो जाएगा." वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, त्यांचा होकार आहे," आणि पुन्हा झोपल्या.

आता ही गोष्ट मी सांगू नये असं कोण म्हणेल? मी ती कोजागरीला सांगितली, मुंजीत सांगितली, एका तेराव्यालाही सांगितली (दुपारनंतर). सत्यनारायणाच्या पोथीसारखे तिचेही पाच अध्याय झाले. शेवटच्या अध्यायात मी खिशातून बाटली काढायचो, खुळखुळवायचो आणि म्हणायचो, "अकरा! मोजून अकरा!" बाटली हातोहात फिरायची. मसाला दूध पिता पिता लोक ती उजेडात धरून बघायचे. वहिनी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, हसताहेत.

घरात कोणी नवीन आलं, सून, जावई, भाडेकरू, की त्याला ही गोष्ट ऐकवायची असा रिवाजच पडला होता. बाटली आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमधल्या शोकेसमध्ये असायची, मुलीच्या कॅरमच्या कपाशेजारी.

यात आम्हा दिल्लीच्या मराठी माणसांचा एक विशेष दोष आहे, तो सांगितला पाहिजे. आमचा समज असा, की मराठी हे कुलूप आहे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत इथे आले, आम्ही भाऊ पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलो, पण उंबऱ्याबाहेर सगळी हिंदी. म्हणून बाहेर मराठी बोललं की जणू दार लावून घेतलं. भाजीवाल्यासमोर त्याच्याच वांग्यांना नावं ठेवायची, डॉक्टरसमोर डॉक्टरच्याच टकलाविषयी बोलायचं, बिल्कुल बिनधास्त. एकदा मी भर मेट्रोत बायकोला एका नातलगाच्या मूळव्याधीचं साग्रसंगीत वर्णन ऐकवत होतो. समोर एक पगडीवाले वृद्ध सरदारजी डोळे मिटून बसले होते. स्टेशन आल्यावर ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुरण खा म्हणावं. आणि ताक. देवळालीला अठरा वर्षं नोकरी केलीय मी."

बायको तीन स्टेशनं माझ्याशी बोलली नाही.

तर अशा या माणसाने, मंत्रालयातली स्टेनोची नोकरी मुदतीआधी सोडल्यावर, एका हॉस्पिटलच्या संशोधन प्रकल्पात काम धरलं. आणि पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या कागदावर सही केली. घरी सांगितलं तेव्हा बायको कणीक मळत होती. ती थांबली. "तुम्ही? गुपित?" म्हणाली. "चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या!"

प्रकल्प असा होता: बायका दुखणं अंगावर का काढतात? पंचेचाळिशीच्या पुढच्या, दिल्ली आणि आसपासच्या बायकांना त्यांच्या त्यांच्या भाषेत हा प्रश्न विचारायचा. वसाहतींमध्ये तपासणीची शिबिरं भरत, तिथून बायका तयार होत, त्यांच्या लांब मुलाखती होत. मराठी मुलाखती नागपूरची एक मुलगी घ्यायची. त्या दुसऱ्या गावी टाइप होऊन कागदावर माझ्याकडे यायच्या. आवाज माझ्यापर्यंत यायचा नाही, कारण आवाजावरूनही माणूस ओळखू येतो. वर फक्त एक क्रमांक. माझं काम दोन पायऱ्यांचं. आधी ओळख पुसायची, मग इंग्रजी करायचं.

सही करण्याआधी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण होतं. प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टरबाई शांत आवाजात नियम सांगत होत्या. लिफ्टमध्ये बोलायचं नाही. कँटीनमध्ये बोलायचं नाही. नाव न घेताही बोलायचं नाही, "आज एक अशी बाई वाचली" एवढंसुद्धा नाही. अमुक बाई या अभ्यासात आहे, ही गोष्टसुद्धा गुप्त. आणि वाचता वाचता कोणी ओळखीचं निघालं तर तिथेच थांबायचं, कागद बंद करायचा आणि येऊन सांगायचं.

मी हात वर केला. "मैडम, घर पर पत्नी को तो बता सकते हैं?"

सगळा हॉल हसला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "आपकी पत्नी ने इस काग़ज़ पर दस्तख़त किए हैं?"

"नहीं।"

"तो फिर नहीं।"

मी हे इतकं मनावर घेतलं की घरी कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. नातेवाइकांत एवढंच माहीत होतं की मी कुठल्याशा हॉस्पिटलात टायपिंग करतो. आयुष्यात प्रथमच मी काहीतरी लपवत होतो आणि त्याचा मला भारी अभिमान होता. पुढे जे घडलं ते नेमकं या अभिमानामुळे घडलं. आधीसारखा बडबड्या राहिलो असतो, तर वहिनी त्या प्रकल्पाच्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नसत्या.

पण आधी कामाचं सांगतो, कारण मला त्याची खरोखर गोडी लागली होती. ओळख पुसायची म्हणजे काय पुसायचं? नाव सोपं आहे. गाव, पत्ता, नवऱ्याचं खातं, मुलाचं कॉलेज, हेही सोपं. मी त्यांवर पिवळा रंग टाकायचो आणि त्या जागी 'एक शहर', 'एक नातेवाईक' असं लिहायचो. पण समजा एखादी बाई आपल्या दुखऱ्या गुडघ्याला 'आमच्या सूनबाई' म्हणते, का तर तो सारखा कुरकुरतो. (हे मी आत्ता रचलं. खरं उदाहरण द्यायची मुभा नाही.) यात नाव नाही, गाव नाही. पण तिच्या घरातल्या कोणीही हे वाचलं तर एका क्षणात म्हणेल, अगं, ही तर आमची मावशी! मग हे पुसायचं का? मी असे प्रश्न घेऊन रोज डॉक्टरबाईंच्या दारात उभा. त्या वैतागत नसत. म्हणत, "सोचिए, कौन पहचानेगा? और पहचान गया तो इनका क्या बिगड़ेगा?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात भुंग्यासारखा शिरला. मेट्रोत मी समोरच्या माणसांकडे बघून मनातल्या मनात पिवळा रंग टाकायचो. याचं नाव काढलं, गाव काढलं, नोकरी काढली. तरी तो डब्यावर बोटांनी ठेका धरतोय, तो काढता येईल का? दिल्लीत मराठी माणसं ती केवढीशी. मंडळाच्या गणपतीत दिसलेला चेहरा कोणाचा तरी साडू निघतोच. आमच्यात नाव ही माणसाची सगळ्यात शेवटची ओळख. त्याच्या आधी साबुदाण्याची खिचडी येते, म्हणजे कोण बटाटा घालतं आणि कोण नाही.

ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळी चहा घेऊन बसलो आणि नवीन मुलाखत उघडली. (हे लिहायची परवानगी कशी मिळाली ते पुढे येईल. धीर धरा.) सुरुवातीलाच नागपूरच्या मुलीने विचारलं होतं, हिंदीत बोलायचं की मराठीत? उत्तर होतं, "मराठीतच बोलू. इथे दिल्लीत वाचणार कोण आहे?"

मी हसलो. म्हटलं, वा, कुलूपवाली आणखी एक.

पुढे छान चाललं होतं. बाई मोकळेपणी बोलत होत्या. काहीतरी त्रास सुरू झाल्याला सात-आठ महिने झालेले. शिबिरातल्या डॉक्टरनी ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात दाखवा म्हणून सांगितलेलं. त्या गेल्या नव्हत्या. का? तर, "घरी कळेल." घरी कळलं तर काय होईल? "घरी काही नाही हो. आमचे हे साधे आहेत. पण आमच्यात एकजण आहे, त्याच्या कानावर गेलं की संपलं. मागे माझं ऑपरेशन झालं होतं, त्याची त्याने गोष्ट केली. अजून सांगतो. माझे खडे बाटलीत घालून गावभर दाखवले. अनोळखी पुरुष माझ्या पोटातले खडे हातात घेऊन बघत होते आणि मी तिथेच बसलेली."

मी मनाशी म्हणालो, काय मूर्ख माणूस असेल! खरं सांगतो, शप्पथ, माझ्या मनात हेच आलं. असल्या माणसाला चारचौघांत बसवूच नये.

पुढची ओळ होती: "आणि होते सात. सांगतो अकरा."

मी पेन उचललं. समासात दुरुस्ती करायला, '७ नव्हे, ११'. अकरातला पहिला एक लिहून झाला होता आणि दुसरा एक काढताना हात थांबला. मला कसं माहीत?

चहावर साय धरली तरी मी तसाच बसून होतो.

नियम स्वच्छ होता. थांबायचं, कागद बंद करायचा, उठायचं. मी थांबलो नाही. आणखी दीड पान वाचलं. त्रास नेमका काय होता, कुठे होता, त्या एकट्या असताना काय बघतात आणि काय बघायला घाबरतात, हे सगळं मी वाचलं. ते तुम्हाला सांगणार नाही. शेवटी त्या मुलीने विचारलं होतं, घरात एकाला तरी सांगाल का? उत्तर होतं, "सांगितलं असतं. पण दुखणं माझं आणि गोष्ट त्याची, असं होतं ना."

मग मी उठलो.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कहाँ तक पढ़ा?"

"पहचानने तक। और... उसके बाद डेढ़ पन्ना।"

"डेढ़ पन्ना क्यों?"

पन्नास वर्षं या शहरात हिंदी बोलतोय, तरी एवढंच सुचलं, "आदत है, मैडम।"

त्यांनी फाइल माझ्याकडून काढून घेतली, एका कोऱ्या कागदावर काय घडलं ते माझ्याकडून लिहून घेतलं आणि सही घेतली. मी म्हणालो की त्या माझ्या जवळच्या आहेत, त्या दाखवायला जात नाहीयेत, मी आज संध्याकाळी जाऊन त्यांना हाताला धरून नेतो.

"आप नहीं जाएँगे।"

"पर मैडम, देर हो रही है।"

"उसके लिए हमारी नर्स है, मैं हूँ। वह हमारा काम है। आप कुछ नहीं जानते।"

"कम से कम माफ़ी तो माँग सकता हूँ?"

"किस बात की?" त्या म्हणाल्या. "आपको तो कुछ पता ही नहीं है।" मग जरा मवाळ आवाजात, "बाक़ी मुझ पर छोड़िए।"

शिक्षा म्हणून मला पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं, नव्या मुलामुलींबरोबर. 'ओळखीचं निघालं तर थांबा' या नियमापाशी आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, आमच्या एका सहकाऱ्याने ओळख पटल्यावरही पुढे दीड पान वाचलं. सगळ्यांनी माना वळवून इकडेतिकडे पाहिलं. मीही पाहिलं. शेजारची मुलगी माझ्या कानाशी लागली, "कैसे-कैसे लोग होते हैं ना, अंकल!"

"हाँ बेटा," मी म्हणालो.

ओळख पुसली की इतकं हलकं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर शोकेसमधून बाटली काढली आणि वर्तमानपत्रावर खडे ओतले. सात होते. कुठे फटीत-बिटीत अडकलेत का, म्हणून बाटली उलटी करून आपटलीही. सातच. अकरा मी कधी केले? पहिल्या कोजागरीला, की मुंजीत? माझं मलाच आठवेना. बायकोने विचारलं, "काय शोधताय?" मी म्हणालो, "चार खडे." तिने कपाळाला हात लावला.

आता माझी खरी परीक्षा होती. वहिनी गाझियाबादेत, मी इकडे. एरवी दर रविवारी फोन. मी फोन उचलायचो आणि ठेवायचो. काय विचारू? 'कशा आहात?' एवढं विचारलं तरी त्यात मला दुसराच वास यायचा. न विचारावं तर तेही विचित्र. नर्सने फोन केला असेल का? त्या गेल्या असतील का? रोज सकाळी वाटायचं, नियम गेला चुलीत, आज सांगूनच टाकतो. मग वाटायचं, सांगणार तरी काय? 'वहिनी, तुम्ही माझ्यापासून जे लपवलंत ते मी वाचलं, आता लपवू नका'? म्हणजे बाटली पुन्हा फिरवलीच की!

अशात दिवाळी आली. दादाच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालेलं, जावई लखनौचा, त्यामुळे पहिला दिवाळसण गाझियाबादला. बाहेर हवा इतकी धुरकट की सगळ्या खिडक्या बंद, आत चकल्या आणि उटण्याचा वास. जावई मोठा अदबशीर मुलगा, चिरोट्याला 'क्या चीज़ है!' म्हणत तिसऱ्यांदा वाढून घेत होता. आणि फराळाच्या बशा हातात आल्याबरोबर पुतणी ओरडली, "काका! खड्यांची गोष्ट! ह्यांनी ऐकलेलीच नाही!"

दादा पेटीवरून म्हणाला, "होऊन जाऊ दे."

मी चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि तो चावत राहिलो.

"अरे सांग की! हिंदीत सांग, त्यांना कळू दे."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी आल्या. हातात शंकरपाळ्यांचा डबा. थोड्या उतरल्या होत्या, की मलाच तसं वाटलं कोण जाणे. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सांगा ना भावजी. जावईबापू थांबलेत. बाटली आणली असेलच."

बाटली खरंच खिशात होती. परत करावी म्हणून आणली होती, कशी करावी ते ठरलं नव्हतं. पाची अध्याय जिभेवर येऊन उभे होते. न सांगावी तर शंका येणार, सांगावी तर... मी म्हणालो, "विसरलो."

दादाची पेटी थांबली. "कोण? तू? विसरलास?"

"वय झालं."

"काका, प्लीज यार!" पुतणी म्हणाली.

"दुसरी सांगतो," मी म्हणालो आणि जावयाकडे वळलो. मेट्रोतल्या सरदारजींची गोष्ट हिंदीत सुरू केली. मूळव्याध, सुरण, ताक, देवळाली, सगळं. मुलगा खोखो हसला. हसून झाल्यावर त्याने सहज विचारलं, "वैसे चाचाजी, बवासीर थी किसको?"

बारा लोकांसमोर मी एक श्वास घेतला. "मुझे," म्हणालो. "अब भी है।"

असा हशा त्या घरात पूर्वी झाला नव्हता. दादा पेटीवर पालथा पडला. माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला, आणि मी पहिल्यांदाच नीट बघितलं, हसताना पदर कसा धरतात आणि नुसता धरून ठेवतात तेव्हा कसा. दोन्हींत फरक असतो. वहिनी मात्र डबा हातात धरून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या, जसं भाजीवाल्याच्या तराजूकडे बघतात.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि बाटली ओट्यावर ठेवली. "ही तुमची वस्तू. शोकेस आवरत होतो."

"एवढ्या वर्षांनी?"

"हो."

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. "किती आहेत?"

"सात," माझ्या तोंडून गेलं. आजवर कधी सात म्हणालो नव्हतो. आता या विचारणार, सात कुठून आले?

"मोजलेत?"

"मोजले."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बाटली मिसळणाच्या डब्यामागे सारून शंकरपाळे वाढायला बाहेर गेल्या.

त्यानंतर पंधरा दिवस काही नाही. मी नियमाने गप्प. बायको म्हणाली, तुम्हाला बरं नाहीये का, रक्त तपासून घ्या. मग एका सकाळी, मी मेट्रोच्या जिन्यावर असताना, वहिनींचा फोन आला. "भावजी, मंगळवारी मोकळे आहात?"

"आहे."

"एका ठिकाणी सोबत यायचंय. ह्यांना आत्ता सांगू नका, ते तिथेच आडवे होतील. मग त्यांनाच सांभाळावं लागेल."

"येतो."

मग वहिनी म्हणाल्या, "कुठे, कशाला, काही विचारत नाही तुम्ही?"

"तुम्ही सांगाल तेवढं ऐकीन."

"बघा हं, ताप-बिप नाही ना आला तुम्हाला?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ते आमचं हॉस्पिटल नव्हतं, दुसरं होतं. लांबलचक बाकांचा हॉल, भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडे पुढे सरकत होते. नावं पुकारत नव्हते, नुसते आकडे. मला ते बरं वाटलं. आमचा आकडा यायला तासभर होता. वहिनींनी पर्समधून चिवड्याची पुडी काढली, अर्धी मला दिली आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं, मराठीत, पण हळू आवाजात. मी ऐकलं. एकदाही मध्ये बोललो नाही. मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, याचा मनातल्या मनात हिशेब जुळवत चेहरा साधा ठेवणं फार अवघड जात होतं.

सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दचकला नाहीत."

"दचकलो ना."

"नाही दचकलात. नाटक जमत नाही तुम्हाला, भावजी. फोन आला होता मला."

"कोणाचा?"

"तुमच्या डॉक्टरबाईंचा. दिवाळीच्या आधीच." त्यांनी चिवड्यातला शेंगदाणा शोधून तोंडात टाकला. "म्हणाल्या, आमच्याकडच्या एका माणसाने तुम्हाला ओळखलं. ओळखल्यावर दीड पान जास्त वाचलं, आणि मग स्वतःच येऊन कबूल केलं. तुमची मुलाखत काढून टाकायची असेल तर काढतो. माणूस कोण ते सांगता येणार नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, नकाच सांगू. मराठी वाचणारा, हॉस्पिटलात टायपिंग करणारा, आणि दीड पान जास्त वाचणारा. दिल्लीत असे किती असतील?"

माझ्या घशात पोहे अडकले. त्यांनीच पाण्याची बाटली उघडून दिली.

"म्हणजे दिवाळीत तुम्हाला..."

"माहीत होतं. म्हणूनच तर म्हटलं, सांगा ना भावजी. बघायचं होतं." लाल आकडा एकाने पुढे सरकला. "सांगितली असतीत ना ती गोष्ट, तर आज इथे आले नसते. कधीच आले नसते. आणि ते मूळव्याधीचं सांगायची काही गरज नव्हती हं. जावयासमोर!"

"मुलाखत काढून टाकलीत?"

"नाही. राहू दे. बायका का जात नाहीत ते कळू दे की त्यांना."

मी म्हणालो, "वहिनी, चुकलं माझं." डॉक्टरबाईंनी ज्याची मनाई केली होती ते वाक्य अखेर बोलता आलं. वहिनींनी उरलेल्या चिवड्याची पुडी दुमडून पर्समध्ये ठेवली, आणि आकडा आल्यावर उठताना माझ्या हातात ती पर्स दिली. "इथेच थांबा. आणि शेजारच्यांशी गप्पा मारू नका."

चाळीस मिनिटं मी पर्स मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, "किसको दिखाने आए हैं?" मी म्हणालो, "हवा बहुत ख़राब है आजकल।"

पुढचं वहिनींनी ठरवलंय तेवढंच. उपचार पाच महिने चालले. थोडा उशीर झाला होता, फार नाही. दादाला सांगितलं, तो आडवा झाला, आणि मग उठून पाचही महिने प्रत्येक वेळी सोबत गेला. आता बरं आहे.

हा लेख छापायला देण्याआधी मी कागद घेऊन गाझियाबादला गेलो आणि त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात तर इथेच फाडतो. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला अडकवलेलं पेन घेतलं आणि डाळ शिजेपर्यंत वाचत बसल्या. तीन ठिकाणी काट मारली. त्या ओळी काय होत्या ते अर्थातच सांगणार नाही. भाचीच्या स्थळाची गंमत त्यांनी राहू दिली. "ती चांगली आहे," म्हणाल्या. "पण बाटली नाही मिळायची."

मी म्हणालो, "मथळा तेवढा बदलतो. सात खडे करतो. खरं ते खरं."

कुकरची शिट्टी झाली. वहिनींनी गॅस बारीक केला, जरा विचार केला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"अकराच राहू द्या भावजी," त्या म्हणाल्या. "अकरा तुमच्या गोष्टीतले, सात माझे. सात लिहिलंत तर मला ओळखतील."